तेलाचा तांबडा दिवा काय सांगतो?

मोटारीच्या चालकासमोर जे छोटे दिवे असतात, त्यांतल्या एका दिव्यावर तेलाच्या बुधलीचे चित्र असते. बुधलीच्या चोचीतून एक थेंब गळताना दाखवलेला असतो. किल्ली फिरवली की हा तांबडा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझतो. पुढे प्रवासभर तो विझलेलाच राहावा अशी अपेक्षा असते. गाडी चालवताना तो लुकलुकू लागला, की चालकाच्या पोटात गोळा येतो. रस्त्याकाठच्या गॅरेजात गाडी नेली, तर पुष्कळदा एकच निकाल कानी पडतो: "इंजिन खोला लागते!"

हा निकाल कधी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा. तो बरोबर असताना दुर्लक्ष केले, तर काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते. तो चुकीचा असताना मानला, तर चांगले इंजिन विनाकारण उघडले जाते. जुन्या गाडीच्या बाबतीत हे दुसरे नुकसानही लहान नसते. तिचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि क्रँकशाफ्ट एकदा ग्राइंडिंगच्या यंत्रावर घासला, की त्यावरून गेलेला धातू परत येत नाही. म्हणून इंजिनाला हात लावण्यापूर्वी हा दिवा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेतले पाहिजे. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या पलीकडचे नाही.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० आणि १९७४ नंतर 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने निघालेल्या गाड्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे मूळ १९३७ सालच्या इटालियन आराखड्यात आहे. घराघरांतली आणि टॅक्सीतली ही गाडी शर्यतीतलीही गाडी होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत फेरफार केलेल्या फियाट गाड्या वर्षानुवर्षे धावल्या. आज अशा गाड्या हौसेने दुरुस्त करून चालवणारे पुष्कळ आहेत. समजा, शर्यतीसाठी तयार केलेली अशी एक जुनी गाडी मे महिन्यातल्या दुपारी नागपूरहून अमरावतीकडे निघाली आहे. शंभरेक किलोमीटर वेगात गेल्यावर तिवस्याला चहासाठी ती थांबते. इंजिन मंद गतीत फिरत असताना तांबडा दिवा लुकलुकू लागतो. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझतो, सोडला की पुन्हा लुकलुकतो. आता काय करावे?

दिवा म्हणजे पास-नापासाचा निकाल

पुष्कळांची समजूत अशी, की हा दिवा तेल कमी झाल्याचे सांगतो. तसे नाही. तो तेलाचा दाब कमी झाल्याचे सांगतो. इंजिनाच्या ठोकळ्यात, तेलाच्या वाटेवर, एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्यात एक लवचीक पडदा आणि एक स्प्रिंग असते. तेलाचा दाब साधारणपणे ०.३ ते ०.५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर गेला, की पडदा ढकलला जातो, विजेचा संपर्क तुटतो आणि दिवा विझतो.

म्हणजे हा दिवा फक्त पास की नापास एवढेच सांगतो, गुण सांगत नाही. तोही पास होण्याची रेषा फार खाली आखून. दिवा विझलेला आहे म्हणजे दाब पुरेसा आहे, असे म्हणता येत नाही. उलट स्विचचा पडदा खराब झाला किंवा त्याची तार घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर दाब उत्तम असूनही दिवा पेटतो. तपासणीची सुरुवात इथूनच करायला हवी. साक्षीदार विश्वासू आहे की नाही, हे आधी ठरले पाहिजे.

क्रँकशाफ्ट तेलावर तरंगतो

चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांची वरखाली हालचाल कनेक्टिंग रॉडांच्या मार्फत क्रँकशाफ्टला फिरवते. क्रँकशाफ्ट ज्या आधारांवर फिरतो ती मेन बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉड ज्या ठिकाणी क्रँकशाफ्टला जोडलेले असतात ती बिग-एंड बेअरिंगे. फियाटच्या या इंजिनात मेन बेअरिंगे तीन आणि बिग-एंड बेअरिंगे चार आहेत. यांत सायकलीसारखे छर्रे नसतात. गुळगुळीत दंडगोल, त्याभोवती मऊ मिश्रधातूचा थर दिलेले गुळगुळीत कवच आणि दोहोंमध्ये अगदी थोडी फट, एवढाच मामला. सुमारे ५० मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलासाठी ही फट ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढी असते. आपला केसही बहुधा यापेक्षा जाड भरेल.

एवढ्याशा फटीतले तेल पिस्टनावरच्या स्फोटाचा धक्का कसे पेलते? पंपाने दिलेला दाब तीन-चार किलोग्रॅमांचा असतो, बेअरिंगवरचा भार मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. या कोड्याचे उत्तर मोटारीच्या जमान्याआधीच, रेल्वेच्या डब्यांवरून मिळाले.

इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. १८८३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेअरिंगचा पितळी अर्धगोल आसावर टेकलेला होता आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल घालण्यासाठी म्हणून अर्धगोलाच्या माथ्यावर भोक पाडले, तर आस फिरताना त्यातून तेल उलटे वर येऊ लागले. टॉवर यांनी भोकात बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. मग त्यांनी तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब तेलात निर्माण झाला होता, तोही कोणत्याही पंपाशिवाय! फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, ते निमुळत्या होत गेलेल्या फटीत पाचरीसारखे शिरते आणि आसाला उचलून धरते. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. आजही बेअरिंगांचे आराखडे त्याच समीकरणावर उभे असतात.

याचा अर्थ असा, की क्रँकशाफ्टला उचलून धरण्याचे काम पंपाचे नाही. ते काम फिरणारा क्रँकशाफ्ट स्वतःच करून घेतो. पंपाचे काम एवढेच, की फटीतून सतत बाहेर पडणाऱ्या तेलाच्या जागी ताजे तेल पोचवत राहायचे आणि घर्षणाची उष्णता वाहून न्यायची. पुरवठा खंडला, की पाचर बनायला तेल उरत नाही, धातूवर धातू घासतो, मऊ थर वितळतो आणि बेअरिंग जाम होते. दाबमापकाचा काटा आपल्याला तेलाच्या पाचरीची ताकद दाखवत नाही. पुरवठा शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोचतो आहे की नाही, याचा तो अप्रत्यक्ष पुरावा देतो.

ठिबक सिंचनाचा दाखला

आता पंपाकडे वळू. इंजिनातला तेलाचा पंप बहुधा दोन दातेरी चक्रांचा असतो. प्रत्येक फेऱ्यात तो ठरावीक आकारमानाचे तेल पुढे ढकलतो. तो देतो प्रवाह. दाब तयार होतो तो या प्रवाहाला पुढे होणाऱ्या अडथळ्यामुळे.

अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या बागा पाहिलेल्या मुलांना हे लगेच पटेल. ठिबक सिंचनात पंप, गाळणी, मुख्य नळी, तिला फुटलेल्या उपनळ्या आणि शेवटी तोट्या असतात. एखादी उपनळी उंदराने कुरतडली तर काय होते? मुख्य नळीवरच्या दाबमापकाचा काटा खाली येतो आणि शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. पंप तोच, वीज तीच, तरी दाब उतरतो. विहिरीतली जाळी गाळाने भरली तरी दाब उतरतो. आणि दाबमापकच बिघडला असेल तर झाडांना पाणी पुरेसे मिळत असूनही काटा खाली दिसतो. इंजिनातही विहिरीच्या जागी तेलाचा तळ आहे. गॅरेजात त्याला 'चेंबर' म्हणतात. जाळी आहे, पंप आहे, गाळणी म्हणजे ऑइल फिल्टर आहे, मुख्य नळीच्या जागी ठोकळ्यात पाडलेली तेलाची वाट आहे आणि तोट्यांच्या जागी बेअरिंगांच्या फटी आहेत. एक गोष्ट जास्तीची: दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसलेली एक झडप, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की ती उघडते आणि जास्तीचे तेल चेंबरमध्ये परत सोडते.

अडथळा दोन गोष्टींवर ठरतो: फट किती आणि तेल किती घट्ट. फटीचा परिणाम फार तीव्र असतो. अरुंद फटीतून वाहणारा द्रवाचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. फट ०.०५ मिलिमीटरवरून ०.०७५ मिलिमीटरवर गेली, म्हणजे दीडपट झाली, तर १.५ चा घन ३.३७५, म्हणजे गळती सुमारे ३.४ पट. हा वाढलेला ०.०२५ मिलिमीटर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजवर जेमतेम अडीच घरे भरतो!

तेलाच्या घट्टपणाला, म्हणजे श्यानतेला, प्रवाह व्यस्त प्रमाणात असतो. आणि श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने उतरते. एसएई ४० प्रतीचे खनिज तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे घट्ट असते, त्याच्या साधारण एक दशांश घट्ट ते १०० अंशांना असते. वऱ्हाडातला उन्हाळा यात आणखी भर घालतो. चेंबरमधले तेल १०० अंशांवर आहे असे धरा. बाहेरची हवा २५ अंश असेल तर तापमानातला फरक ७५ अंशांचा, हवा ४५ अंश असेल तर तो ५५ अंशांचा. न्यूटनच्या शीतन नियमानुसार उष्णता बाहेर टाकण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. साहजिकच तेल आणखी तापते आणि आणखी पातळ होते. जानेवारीत न लागणारा दिवा मे महिन्यात लागतो, याचे कारण हेच.

थोडी आकडेमोड

आता तिवस्याला थांबलेल्या गाडीचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, हे इंजिन नवे असताना, तापल्यावर, मंद गतीत म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर दीड किलोग्रॅम दाब दाखवत असे आणि रिलीफ व्हॉल्व्हची मर्यादा चार किलोग्रॅम आहे. बेअरिंगांच्या फटी झिजून दीडपट झाल्या. मग मंद गतीतला दाब १.५ भागिले ३.४, म्हणजे ०.४४ किलोग्रॅमच्या आसपास उतरेल. दिवा लुकलुकण्याची हीच जागा.

ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या ३००० वर नेल्या तर पंपाचा प्रवाह ३.७५ पट होईल आणि दाब सुमारे १.६५ किलोग्रॅम. दिवा विझेल. चालक म्हणेल, ठीक झाले. पण निरोगी इंजिनात याच वेगाला दाब चार किलोग्रॅमच्या मर्यादेला टेकला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू केले, तर तेल दहापट घट्ट असल्यामुळे झिजलेल्या इंजिनातही दाब चार किलोग्रॅमला जाऊन पोचेल. जुनी गाडी विकत घेताना विक्रेता गार इंजिन सुरू करून भरपूर दाब दाखवतो, तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ते यामुळेच. दाब पाहायचा तो इंजिन पुरते तापल्यावर, दोन वेगांना.

प्रत्यक्ष इंजिन या हिशेबाइतके सरळ नसते. सगळी बेअरिंगे सारखी झिजत नाहीत आणि पंपाच्या आतही थोडी गळती होते. तरी कल या हिशेबाप्रमाणेच असतो.

इथे खरी अडचण पुढे येते. फटी झिजलेल्या नाहीत, पण तेलच एक तृतीयांश घट्ट उरले आहे, असे समजा. मग मंद गतीतला दाब किती? १.५ भागिले ३, म्हणजे ०.५. जवळजवळ तोच आकडा! दाबमापकाला फट आणि श्यानता यांतला फरक कळत नाही. एका आकड्याला दोन कारणे असू शकतात. कोणते खरे, हे ठरवायचे असेल तर एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलावी लागते. प्रयोगशाळेत आपण मुलांना जे शिकवतो, तेच इथे करायचे.

तपासाचा क्रम

क्रम ठरवण्याचा नियम सोपा आहे. स्वस्त आणि माघारी फिरता येईल अशी पावले आधी, महाग आणि माघार नसलेली शेवटी.

सर्वांत पहिले पाऊल म्हणजे इंजिन बंद करणे. दिवा चालत्या गाडीत, चढ्या फेऱ्यांवर लागला किंवा त्याबरोबर ठोके ऐकू आले, तर गाडी पुढे रेटू नये. अमरावती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच आहे, हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो. पंपाला फिरवणारा दांडा तुटला असेल, तर पुरवठा पूर्ण थांबलेला असतो.

दुसरे पाऊल डिपस्टिकचे. गाडी सपाट जागी ठेवून काही मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. पातळी तर पाहायचीच, पण तेल बोटांवर घेऊन वासही घ्यायचा. पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल पातळ होण्याचे कारण सापडले. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या ठोकळ्यावरच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला, की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. अशा वेळी तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते! तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि हेड गॅसकेटकडे संशय वळवावा.

तिसरे पाऊल साक्षीदाराची उलटतपासणी. दिव्याचा स्विच काढून त्याच जागी नळीने जोडलेला साधा यांत्रिक दाबमापक बसवायचा. हे काम इंजिन बंद असताना आणि थोडे निवल्यावर करावे, कारण तापलेले तेल चांगलेच भाजते. मग इंजिन पुरते तापवून मंद गतीत आणि ३००० फेऱ्यांवर दाब टिपायचा. कोणत्या इंजिनाला किती दाब हवा, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. शर्यतीच्या गाड्यांत दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ०.७ किलोग्रॅम, असा ठोकताळा वापरतात.

काट्याची चाल पुष्कळ काही सांगते:

१. गार असताना दाब चांगला, तापल्यावर मंद गतीत कमी, फेऱ्यांबरोबर वाढणारा: तेल पातळ, बेअरिंगे झिजलेली किंवा पंप झिजलेला.

२. गार असतानाही कमी आणि फेऱ्या वाढवल्या तरी फारसा न वाढणारा: रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला आहे किंवा त्याची स्प्रिंग तुटली आहे.

३. वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला काटा कोसळणे: चेंबरमध्ये तेल कमी आहे, ते एका बाजूला जाऊन जाळी उघडी पडते. शर्यतीच्या गाड्यांच्या चेंबरमध्ये आडभिंती घालतात त्या यासाठीच.

४. काटा थरथरत राहणे, चढ्या फेऱ्यांवर दाब उतरणे: जाळी तुंबली आहे किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे.

५. काटा एकदम शून्यावर: पंप फिरत नाही. इंजिन लगेच बंद करावे.

आपल्या उदाहरणातली गाडी पहिल्या प्रकारात बसते. म्हणून चौथे पाऊल: तेल आणि फिल्टर बदलून, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ताजे तेल घालून, त्याच तापमानाला आणि त्याच फेऱ्यांवर पुन्हा दाब मोजायचा. पेट्रोल उतरत असेल तर आधी तो दोष दूर करायला हवा. दाब मूळ पदावर आला, तर तेल दोषी होते आणि इंजिन उघडण्याचे कारण उरले नाही. आला नाही, तर संशय फटींवर आणि पंपावर पक्का होतो.

काढलेले जुने तेल फेकून न देता पांढऱ्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर चमकणारे कण दिसले तर त्यांच्याजवळ लोहचुंबक न्यावा. चिकटले तर ते लोखंडाचे किंवा पोलादाचे. न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस कण बेअरिंगच्या मऊ थरातून आलेले असण्याची शक्यता मोठी. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा असा मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली शोधला. स्वतः झिजून महागड्या क्रँकशाफ्टला वाचवायचे, हेच या थराचे काम. फडक्यावरचे कण म्हणजे त्याने ते काम केल्याची पावती.

कानही उपयोगी पडतात. इंजिनावर जोर पडताच येणारा जड, खोल ठोका मेन बेअरिंगचा. त्याहून हलका, फेऱ्या सोडताना स्पष्ट होणारा ठोका बिग-एंडचा. वरच्या बाजूची बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते. अनुभवी मिस्त्री हा फरक सहज ओळखतात, पण नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये, मोजमापाची जोड हवी.

एवढे झाल्यावरच चेंबर उतरवायचे. बहुतेक गाड्यांत त्यासाठी इंजिन खाली काढावे लागत नाही. आधी जाळी पाहायची, मग पंपाच्या चक्रांमधली फट फिलर गेजने मोजायची. नंतर एका बेअरिंगची खालची टोपी उघडून प्लास्टिगेजचा तुकडा ठेवायचा. प्लास्टिगेज म्हणजे ठरावीक जाडीचा मऊ प्लास्टिकचा दोरा. टोपी पुन्हा ठरलेल्या जोराने आवळली की तो चपटा होतो. फट जितकी कमी, तितका तो जास्त पसरतो. टोपी उघडून त्याची रुंदी सोबतच्या पट्टीशी ताडली की फट कळते. क्रँकशाफ्ट मात्र या वेळी फिरवायचा नाही. पंपच झिजलेला निघाला, तर तो बदलून काम भागते. फटी वाढलेल्या पण क्रँकशाफ्ट गोल आणि गुळगुळीत असेल, तर नवी बेअरिंगे पुरतात. तो लंबगोल झाला असेल किंवा त्यावर चरे पडले असतील, तरच ग्राइंडिंग. दर वेळी साधारण ०.२५ मिलिमीटर, गॅरेजच्या भाषेत 'दहा थाऊ', धातू जातो आणि त्या मापाची जाड बेअरिंगे बसवावी लागतात. अशा पायऱ्या दोन-तीनच असतात. जुन्या गाडीच्या आधीच्या मालकांनी त्यांतल्या किती वापरल्या, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

घट्ट तेलाचा मोह

दाब उतरला की एक सोपा उपाय सुचवला जातो: जास्त घट्ट तेल घाला किंवा बाजारात मिळणारे तेल घट्ट करणारे औषध ओता. वरच्या हिशेबावरून दिसेलच, की यामुळे काटा वर येईल. पण फट होती तेवढीच राहील. गार असताना असे तेल जाळीतून आणि अरुंद वाटांतून उशिरा पोचते आणि इंजिनाची मोठी झीज सुरू होतानाच्या क्षणांतच होत असते. ताप उतरवणाऱ्या गोळीसारखा हा उपाय आहे. डॉक्टरकडे पोचेपर्यंत तो घ्यायला हरकत नाही, पण निदान म्हणून तो निरुपयोगी, आणि गाडी विकताना केला तर फसवणूक.

शर्यतीच्या जगात मात्र घट्ट तेलाचा एक मानाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या मोटारी आणि पहिल्या महायुद्धातली अनेक विमाने एरंडेल तेलावर चालत. तापल्यावरही धातूवर टिकून राहणारा थर देणे हा त्याचा गुण, आणि काळांतराने चिकट राळ साठवणे हा दोष. १९०९ साली आलेल्या 'कॅस्ट्रॉल' या नावाचे मूळही 'कॅस्टर', म्हणजे एरंड. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्यांनाही एरंडेलाची ही करामत ठाऊक होती.

वर्गात करून पाहा

१. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडा आणि बूड कापून बाटली उलटी टांगा. भोक बोटाने बंद करून त्यात १०० मिलिलिटर नवे इंजिन तेल घाला आणि ते गळून जायला लागणारा वेळ मोजा. मग तेच तेल भांड्यासह गरम पाण्यात ठेवून ४०, ५० आणि ६० अंशांना तोच प्रयोग करा. तेल थेट आचेवर तापवू नका. तापमान आणि वेळ यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का?

२. सारख्या लांबीची एक रिकामी रिफिल आणि एक स्ट्रॉ घेऊन दोन्हींतून सारख्याच उंचीवरून तेल वाहू द्या. मिनिटाला किती तेल येते ते मोजा. गोल नळीत प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतो, सपाट फटीत रुंदीच्या घनाप्रमाणे. तुमचे उत्तर कितपत जुळते?

३. स्क्रू गेजने केस, वहीचा कागद आणि पोस्टकार्ड यांची जाडी मोजा. यांतले काय ०.०५ मिलिमीटरच्या सर्वांत जवळ येते?

४. वर दिलेल्या हिशेबात फट दुप्पट झाली असे धरून मंद गतीतला आणि ३००० फेऱ्यांवरचा दाब काढा. आता दिवा विझायला किमान किती फेऱ्या लागतील? स्विच ०.४ किलोग्रॅमला उघडतो असे धरा.

जवळच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असेल, तर तिथला उघडलेला क्रँकशाफ्ट मुलांना दाखवता येईल. त्यातली तेलाची भोके आणि मेन बेअरिंगपासून बिग-एंडपर्यंत जाणारी आतली वाट एकदा डोळ्यांनी पाहिली, की वरचा सगळा हिशेब मुलांच्या लक्षात राहतो. आणि रस्त्याकाठी तांबडा दिवा लुकलुकला, तर इंजिन खोलण्याआधी कोणते चार प्रश्न विचारायचे, हे त्यांना ठाऊक असेल: दिवा खरे बोलतो का, तेल किती आणि कसे आहे, दाब गार असताना किती आणि तापल्यावर किती, आणि तेल बदलल्यावर काय झाले?